लुम्पियांग शांघाय आणि तीन सावसावन

फिलिपिन्समध्ये वाढदिवस असो, गावच्या संताचा उत्सव असो किंवा नाताळच्या मध्यरात्रीचे जेवण असो, पान्सित नावाच्या शेवयांच्या शेजारी बोटाएवढ्या तळलेल्या गुंडाळ्यांची रास मांडलेली असते आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत आधी संपते. या गुंडाळ्या म्हणजे लुम्पियांग शांघाय, आणि त्या ज्या सॉसमध्ये बुडवून खातात ते सावसावन. लुम्पिया हा प्रकार चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या होक्किएन भाषक स्थलांतरितांनी फिलिपिन्समध्ये आणला. मनिलातील बिनोन्दो ही चिनी वस्ती स्पॅनिश राजवटीत १५९४ साली वसली आणि तेथून पुढच्या काही शतकांत सोया सॉस, टोफू, शेवया आणि पातळ पाऱ्यांत गुंडाळलेले पदार्थ फिलिपिनो स्वयंपाकघरात इतके मुरले की आज त्यांना कोणी परके मानत नाही.

आपल्याकडच्या हॉटेलांत मिळणाऱ्या स्प्रिंग रोलशी या पदार्थाची गल्लत करू नये. तो रोल जाडजूड असतो आणि त्यात आधी परतलेली कोबी किंवा नूडल्स असतात, त्यामुळे तळताना फक्त बाहेरचे आवरण कुरकुरीत व्हायचे असते. लुम्पियांग शांघायमध्ये मात्र कच्चा खिमा भरला जातो आणि पारी सोनेरी होण्यास लागणाऱ्या चार-पाच मिनिटांतच तो खिमा मध्यापर्यंत शिजावा लागतो. गुंडाळी बारीक का हवी, भाज्या इतक्या बारीक का चिरायच्या, पाणी का पिळून काढायचे आणि तेल फार कडक का तापवायचे नाही, या सगळ्यांची उत्तरे या एका अटीत आहेत. ही अट लक्षात ठेवली, तर पुढे दिलेल्या प्रमाणांत आपल्या सोयीने बदल करणेही अवघड जात नाही.

सारण

मूळ कृतीत डुकराच्या मांसाचा खिमा वापरतात. त्यात २० ते २५ टक्के चरबी असावी, कारण अगदी चरबीविरहित खिम्याचे सारण तळल्यावर आवळते, कोरडे पडते आणि पारीपासून सुटून आत पोकळी राहते. गोव्यात, मुंबईत वांद्र्याला किंवा पुण्यात लष्कर भागात असा खिमा मिळू शकतो. खाटकाला तो दोनदा यंत्रातून काढून देण्यास सांगावे. जेथे तो मिळत नाही किंवा चालत नाही, तेथे कोंबडीच्या मांडीचा खिमा घ्यावा. छातीच्या मांसाचा खिमा टाळावा, आणि तोच घ्यावा लागला तर त्यात दोन चमचे तेल व एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर मिसळावे. कोळंबी बारीक चिरून निम्म्या खिम्याऐवजी घालण्याचीही पद्धत आहे आणि कोकणात ताजी कोळंबी मिळत असेल, तर ती घालून पाहावीच.

पाचशे ग्रॅम खिम्यासाठी १०० ग्रॅम गाजर, १०० ग्रॅम कांदा, सहा पाकळ्या लसूण, ७५ ग्रॅम सिंगकामास, मूठभर किन्चाय, एक अंडे, एक टेबलस्पून सोया सॉस, एक चमचा मीठ, पाऊण चमचा ताजी मिरपूड आणि आवडत असेल तर एक चमचा तिळाचे भाजके तेल असे साहित्य लागते. यातील सिंगकामास म्हणजे पांढरा, रसाळ, किंचित गोड कंद. तो मूळचा मेक्सिकोचा असून मनिला आणि अकापुल्को यांच्यात १५६५ पासून १८१५ पर्यंत चाललेल्या गलबतांच्या व्यापारात तिकडून फिलिपिन्सला आला. सारणात त्याचे काम चवीपेक्षा करकरीतपणाचे आहे. शिजलेल्या मऊ खिम्यात दाताखाली मधूनच काही तरी कुरकुरावे, एवढ्यासाठी तो घालतात. आपल्याकडे मोसमात मिळणारे ताजे शिंगाडे सोलून, बारीक चिरून घातले की हे काम चांगले होते. शिंगाडेही नसतील, तर गाजराचे प्रमाण थोडे वाढवून पुढे जावे. किन्चाय ही बारीक देठांची, उग्र वासाची चिनी सेलरी असते. तिच्याऐवजी बाजारातील सेलरीचे कोवळे देठ पानांसकट आणि थोडी कांद्याची पात घ्यावी. कोथिंबीर घातली तर वाईट लागत नाही, पण मग चव आपल्या कबाबाकडे झुकते.

भाज्या चिरण्यात घाई करू नये. गाजर किसणीच्या बारीक बाजूने किसावे किंवा सुरीने मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे चिरावे, कारण मोठे तुकडे गुंडाळताना पारी फाडतात आणि चार मिनिटांत शिजतही नाहीत. मिक्सरमधून काढायचे असेल, तर थांबून थांबून फिरवावे. सलग फिरवल्यास भाज्यांचा लगदा होतो आणि त्याचे पाणी सुटते. चिरलेला कांदा, गाजर आणि सिंगकामास किंवा शिंगाडे एका स्वच्छ पंचात बांधून घट्ट पिळावेत. या पिळण्याला अनेक जण फाटा देतात, पण सारणातील जादा पाणी दोन प्रकारे नडते: तळण्याआधी ते पारीत मुरून तिला ओली व कमकुवत करते, आणि तळताना त्याची वाफ होऊन गुंडाळी फुटते व तेल अंगावर उडते.

सर्व साहित्य एका रुंद भांड्यात घेऊन हाताने एकाच दिशेने तीन-चार मिनिटे चांगले मळावे. सुरुवातीला सुटे सुटे वाटणारे मिश्रण हळूहळू चिकट होते आणि भांड्याच्या कडांना धरू लागते. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटून एकमेकांना बांधतात, म्हणून हा बदल होतो आणि म्हणूनच तळल्यावर कापलेल्या टोकांतून सारण सांडत नाही. कच्च्या मांसाची चव पाहता येत नाही, तेव्हा चमचाभर मिश्रणाची चपटी टिक्की करून तव्यावर दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवावी आणि ती खाऊन मीठ-मिरी ठरवावी. पारी आणि सॉस दोन्हींचा विचार करता सारण एकटे खाल्ल्यावर किंचित खारट वाटले, तरी चालते. त्यानंतर भांडे झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. थंड सारण गुंडाळायला सोपे जाते आणि त्यातील चरबी हातांच्या उष्णतेने वितळत नाही.

पारी

गोठवलेल्या स्प्रिंग रोल शीट मोठ्या शहरांतील दुकानांत मिळतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच वापराव्यात असे माझे मत आहे. शीट जितकी पातळ, तितकी चांगली. शीटमधून पलीकडचे बोट अंधुक दिसावे इतकी पातळ मिळाली तर उत्तम. पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या भागात काढून ठेवावे आणि वापरताना एकेक शीट हलक्या हाताने सोडवावी. सोडवलेल्या शीट ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवाव्यात, कारण उघड्यावर त्या पाच-दहा मिनिटांत कडक होऊन तडकू लागतात.

साधारण २० सेंटिमीटरची चौकोनी शीट असेल, तर ती मधोमध कापून दोन लांबट पट्ट्या कराव्यात. अख्खी शीट वापरल्यास एवढ्या बारीक सारणाभोवती चार वेढे बसतात, बाहेरचा वेढा करपेपर्यंत आतला कच्चा राहतो आणि खाताना मैद्याचीच चव येते. दोन वेढे पुरेसे असतात. बाजारात तयार मिळणारी समोसा पट्टीही निकडीला वापरता येते. ती थोडी जाड असते, म्हणून तिच्या निम्म्या लांबीत एकच छोटी गुंडाळी करावी.

पाऱ्या घरी करायच्या असतील, तर १५० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, पाव चमचा मीठ, एक चमचा तेल आणि ३३० मिलिलिटर पाणी एकत्र फेटून गाळून घ्यावे आणि अर्धा तास ठेवावे. नॉनस्टिक तवा मंद आचेवर जेमतेम गरम करावा. त्यावर रुंद ब्रशने पिठाचा पातळ हात १६-१७ सेंटिमीटरच्या गोलात फिरवावा आणि भोके राहिली असतील तेथे लगेच दुसरा हात द्यावा. पाऊण ते एक मिनिटात कडा आपोआप उचलल्या जातात. पारी उलटायची नाही आणि तिच्यावर डागही पडू द्यायचे नाहीत. तवा जास्त तापला की पीठ ब्रशला गोळा होऊन येते. अशा वेळी तवा आचेवरून खाली घेऊन थोडा निववावा. झालेल्या पाऱ्यांमध्ये चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरून त्या एकावर एक ठेवाव्यात. या पाऱ्या लहान असल्यामुळे त्या कापू नयेत, अख्ख्याच वापराव्यात.

गुंडाळणे

पट्टीची लांब बाजू आपल्याकडे करून ठेवावी. आपल्या बाजूच्या कडेपासून एक सेंटिमीटर सोडून सारणाची कडेपासून कडेपर्यंत एक लांब वात घालावी. तिची जाडी दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. हाताने सारखी वात पडत नसेल, तर सारण जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तिचा एक कोपरा कापावा आणि मेंदीच्या कोनाप्रमाणे दाबत पट्टीवर सरळ रेघ ओढावी. यामुळे वेळही वाचतो आणि सगळ्या गुंडाळ्या एकाच जाडीच्या होतात. जाडी वेगवेगळी असली की एकाच घाण्यात काही करपतात आणि काही आत कच्च्या राहतात.

आता जवळची कड सारणावर घेऊन बोटांनी मागे ओढत घट्ट करावी आणि मग पुढे गुंडाळत न्यावे. मध्ये हवा राहिली तर तळताना तेथे फुगा येतो आणि पारी सारणापासून सुटते. शेवटची कड चिकटवण्यासाठी एक चमचा मैदा आणि दोन चमचे पाण्याची पेस्ट किंवा अंड्याचा पांढरा बलक लावावा. टोके आत दुमडण्याची गरज नाही. गुंडाळ्या चिकटवलेली बाजू खाली करून ताटात मांडाव्यात, २० मिनिटे फ्रीझरमध्ये टणक कराव्यात आणि मग धारदार सुरीने प्रत्येकीचे तीन तुकडे करावेत. टणक झाल्यावर कापल्यास टोके दबत नाहीत. वरील प्रमाणात शीटच्या पट्ट्या वापरल्या, तर साधारण २४ लांब गुंडाळ्या, म्हणजे सुमारे ७० तुकडे होतात. गुंडाळण्याचे हे काम फिलिपिनो घरांत बहुधा चार माणसे टेबलाभोवती बसून करतात, आणि ते एकट्याने करायला घेतल्यावर त्यामागचे कारण लगेच कळते.

तुकडे आजच तळायचे नसतील, तर ताटात एकमेकांना न चिकटता पूर्ण गोठवावेत आणि मग हवाबंद डब्यात भरावेत. फ्रीझरमध्ये ते दोन महिने चांगले राहतात. मात्र फ्रिजच्या साध्या कप्प्यात रात्रभर ठेवू नयेत, कारण सारणाचा ओलावा पारीत उतरून ती ताटाला चिकटते.

तळणे

जाड बुडाच्या कढईत चार-पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे आणि ते मध्यम आचेवर १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापक नसेल, तर लाकडी उलथन्याचे टोक तेलात बुडवावे. त्याच्याभोवती लगेच बारीक, सतत बुडबुडे येऊ लागले पण धूर नाही, म्हणजे तेल तयार आहे. पारीचा छोटा तुकडा टाकला असता तो वर यावा, मात्र टाकताक्षणी तांबडा होऊ नये. तेल याहून गार असेल, तर पारी तेल पिते. फार कडक असेल, तर दीड मिनिटात बाहेरून रंग येतो आणि मांस गुलाबीच राहते. दिसायला छान आणि आत कच्ची, अशी गुंडाळी पाहुण्यांपुढे जाण्याचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे.

एका वेळी आठ-दहा तुकडेच सोडावेत. पहिला अर्धा मिनिट त्यांना हलवू नये, नंतर झाऱ्याने अधूनमधून फिरवावे. बुडबुड्यांचा जोर आधी खूप असतो आणि सारणातील ओलावा कमी होईल तसा तो ओसरतो. चार ते पाच मिनिटांत रंग गडद सोनेरी होतो. पहिल्या घाण्यातील एक तुकडा मधोमध कापून पाहावा. आत कोठेही गुलाबी झाक नसावी आणि निघणारा रस स्वच्छ असावा. मांसाचा तापमापक असेल, तर डुकराच्या खिम्यासाठी मध्यभागी किमान ७१ अंश आणि कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस हवेत. गोठवलेले तुकडे वितळू न देता तसेच तेलात सोडावेत, पण प्रत्येक घाणा लहान घ्यावा आणि दोन-एक मिनिटे जास्त द्यावीत. त्यांच्यावर बर्फाचे कण दिसत असतील, तर ते आधी कोरड्या कापडाने झाडून टाकावेत, नाही तर तेल जोरात उडते.

काढलेले तुकडे जाळीवर एका थरात ठेवावेत. कागदावर ढीग केला किंवा वरून झाकण ठेवले, तर वाफ कोंडून पाच मिनिटांत सगळा कुरकुरीतपणा जातो. पाहुणे उशिरा येणार असतील, तर ते ओव्हनमध्ये १०० अंशांवर जाळीवरच अर्धा तास ठेवता येतात. एअर फ्रायरमध्ये तेलाचा हात लावून १९० अंशांवर दहा-बारा मिनिटांत हा पदार्थ होतो आणि खाण्याजोगा असतो, पण पारी थोडी चामट आणि रंग ठिपक्याठिपक्यांचा राहतो.

सावसावन

फिलिपिनो जेवणात पदार्थ टेबलावर येतो तेव्हा त्याची चव पूर्ण झालेली नसते. ती खाणारा आपल्या वाटीत पूर्ण करतो. बुडवून खाण्याच्या या सॉसना सावसावन म्हणतात, आणि तळलेल्या मांसाबरोबर त्यात आंबटपणा हवाच. आंबटाने तेलकटपणा कापला जातो, म्हणून दहा-बारा तुकडे सहज पोटात जातात. बाटलीतील गोड चिली सॉस ठेवून भागवता येते, पण पुढील तिन्हींपैकी पहिला तरी घरी करावा, कारण त्याला शिजवावेसुद्धा लागत नाही.

हा पहिला प्रकार म्हणजे व्हिनेगरचे सावसावन. फिलिपिन्समध्ये व्हिनेगर उसापासून, निपा पामच्या रसापासून आणि माडाच्या तुबापासून, म्हणजे आपल्या माडीपासून, केले जाते. गोव्यात माडाच्या सुरेपासून मुरवलेले व्हिनेगर याच शेवटच्या प्रकारातले आहे. विंदालू आणि सोरपोतेलसाठी आणलेली बाटली घरात असेल, तर या सॉससाठी त्याहून योग्य वस्तू महाराष्ट्रात मिळणार नाही. अर्धा कप व्हिनेगरमध्ये चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक छोटा बारीक चिरलेला कांदा, दोन-तीन लवंगी मिरच्यांचे तुकडे, अर्धा चमचा भरड मिरी, पाव चमचा मीठ आणि एक चमचा साखर घालून किमान अर्धा तास ठेवावे. तिकडे यासाठी सिलिंग लाबुयो नावाची बारीक, जहाल मिरची वापरतात. आवडीप्रमाणे एक टेबलस्पून सोया सॉस घालावा. दुकानातील पांढरे सिंथेटिक व्हिनेगर घशाला लागते, त्यामुळे ते वापरल्यास त्यात एक-तृतीयांश पाणी मिसळावे आणि वरून लिंबू पिळावे. कालामान्सी या छोट्या फिलिपिनो लिंबाची थोडीशी भरपाई त्यातून होते.

दुसरा प्रकार आग्रे दुल्से, म्हणजे आंबटगोड सॉस. एक कप पाणी, पाऊण वाटी साखर, पाव कप व्हिनेगर, तीन टेबलस्पून केचप, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा सोया सॉस उकळावे. एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून त्यात ओतावे आणि ढवळत दोन मिनिटे शिजवावे, म्हणजे सॉस पारदर्शक आणि चकचकीत होतो. गरम असताना तो पातळ वाटतो, पण निवल्यावर दाट होतो, म्हणून कॉर्नफ्लोअर वाढवू नये. निम्म्या पाण्याऐवजी अननसाचा रस घेतल्यास केचप कमी करावे.

तिसरे सावसावन म्हणजे केळ्याचे केचप. मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नरसायनशास्त्रज्ञ महिलेला त्याचे श्रेय दिले जाते. स्थानिक पिकांपासून टिकाऊ पदार्थ बनवण्यावर त्यांनी मोठे काम केले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. कारखान्यातील केचपला टोमॅटोसारखा लाल रंग बाहेरून दिलेला असतो; घरचे केचप तपकिरी-नारिंगी दिसते आणि तसेच असू द्यावे. फिलिपिन्समध्ये त्यासाठी साबा ही शिजवून खाण्याची केळी घेतात. आपल्याकडे पिकलेली राजेळी त्यासाठी चांगली; ती नसल्यास साधी केळी घेऊन साखर एक चमचा कमी करावी. एक कांदा आणि तीन लसूण पाकळ्या दोन चमचे तेलात मऊ होईपर्यंत परताव्यात. त्यात चिमूटभर हळद, एक चमचा लाल तिखट आणि दोन लवंगांची पूड घालावी. मग ३०० ग्रॅम कुस्करलेली केळी, १०० मिलिलिटर व्हिनेगर, अर्धा कप पाणी, तीन टेबलस्पून गूळ आणि पाऊण चमचा मीठ घालून मंद आचेवर २० मिनिटे शिजवावे. खाली लागण्याची सवय या मिश्रणाला फार आहे, तेव्हा ढवळणे सोडू नये. निवल्यावर वाटून बाटलीत भरावे. फ्रिजमध्ये ते दोन आठवडे राहते.

मांसाशिवाय

शाकाहारी घरांसाठी वरील कृतीत खिम्याच्या जागी नुसता टोफू घालून भागत नाही, कारण त्याला धरून ठेवणारे काही नसते. त्यापेक्षा लुम्पियांग गुलाय हा भाज्यांचा फिलिपिनो प्रकारच करावा. त्यात मुगाचे लांब मोड, गाजर, फरसबी, रताळे आणि टोफू असतो. येथे नियम उलटा आहे: भाज्या मोठ्या आचेवर आधी परतून, चाळणीत निथळून पूर्ण गार करायच्या, गुंडाळी अंगठ्यापेक्षा जाड करायची, टोके आत दुमडायची आणि तेल थोडे अधिक तापवून तीन मिनिटांत बाहेर काढायची. बरोबर व्हिनेगरचे सावसावन द्यावे. गोड सॉस तिला शोभत नाही.

पाऱ्या उरल्याच, तर तुरोन करावे. केळ्याची लांब फाक गुळाच्या पुडीत घोळवावी, तिच्याबरोबर फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवून गुंडाळावे आणि कढईत तेलावर तीन-चार चमचे साखर टाकून ती वितळून तांबूस होऊ लागली की गुंडाळ्या सोडाव्यात, म्हणजे पाकाचे पातळ कवच बाहेरून धरते. ही साखर तेलाच्या तळाशी करपते, म्हणून तुरोन नेहमी सगळ्यांत शेवटी तळावे आणि ते तेल पुन्हा वापरू नये. काढलेले तुकडे एकमेकांना लागू न देता तेल लावलेल्या ताटात ठेवावेत, नाही तर निवल्यावर ते सुटे करताना पाऱ्या फाटतात.